ऋतुजाचं नाव तुझ्या कार्डावर

पेण, ३ डिसेंबर

रोहिणी,

पत्राला आशीर्वादाने सुरुवात करायची पद्धत आहे, म्हणून आशीर्वाद. घ्यायचा असेल तर घे, नाहीतर हौसाच्या टोपलीत परत टाक. सुकटीच्या वासात आणखी एक वास, तिला काय कळतंय.

हौसा रोह्याच्या बाजाराला सुकी मासळी घेऊन बसते, आणि तू तिच्याकडूनच जवळा घेतेस, हे मला कधीपासून ठाऊक आहे. आमच्याशी वाकडं, आमच्या खाडीच्या जवळ्याशी नाही. असू दे. फोन केला असता, पण तू उचलला नसतास. उचलला असतास तर माझ्या तोंडून शिवी गेली असती. पत्रात शिवी खोडता येते. वर एक खोडली आहे, उजेडाला धरलंस तर दिसेल.

ऋतुजाचं सांगायचं आहे. तुझ्या मुलीचं.

तिला सोरायसिस आहे. आधी कोपरं झाली, मग डोक्यात, आता तळहात आणि नखं. उन्हाळ्यात मिठागराच्या कोंडीतलं पाणी आटलं की कडेला मिठाची पापडी कशी सुटते, तशी कातडी सुटते तिची. बाया विचारतात, "काशीबाय, लागट हाय काय गो?" लागट असतं तर मला आधी झालं असतं, एका ताटात जेवतो आम्ही. असं सांगितलं की गप बसतात, पण पाण्याचा तांब्या लांबूनच देतात.

ती हमरापूरच्या एका कारखान्यात आखणी करायची. आखणी म्हणजे गणपतीचे डोळे काढायचे, ते तुझ्या भातवाल्या लोकांना काय माहीत. रंग कोणीही मारतो, डोळे सगळ्यांना जमत नाहीत. हिला जमायचे. आता बोटांचे सांधे सुजतात, सकाळी मूठ मिटत नाही. शेठने हाकललं नाही, तिनेच ब्रश ठेवला. डॉक्टर म्हणतात, हा त्याच रोगाचा पुढचा पाय. इंजेक्शन सुरू झालं नाही तर बोटं वाकडी होतील, आणि एकदा वाकडी झाली की मग कुठल्याच औषधाने सरळ व्हायची नाहीत.

इंजेक्शनाची किंमत लिहीत नाही. लिहिली तर तुला वाटेल चौथी पास म्हातारीला शून्यं कळत नाहीत.

तू धाटावला कंपनीत पॅकिंगला आहेस. तुझ्या पगारातून ईएसआयचे, त्या कामगार विम्याचे, पैसे कापतात. त्या कार्डावर लग्न न झालेल्या मुलीचं नाव घालता येतं, मग औषधपाणी त्यांच्याकडून. तेवढं नाव घाल. बाकी काही मागत नाही.

काशीबाई

पेण, ११ डिसेंबर

रोहिणी,

हौसाने तुझा निरोप जसाच्या तसा दिला. तुझ्यासारखी कमरेवर हात ठेवून दिला. माझ्या ओटीवर उभी राहून म्हणते, "'म्हातारीला सांग, पत्र मी वाचलंच नाय.' मी म्हटलं, अगो, मग चुरगाळून पोलक्यात कशाला कोंबलंस? तर म्हणते, 'चूल पेटवायला.' काशीबाय, तिच्याकडे गॅस हाय."

मी हसले. तू आलीस तेव्हाही अशीच उलट बोलायचीस. निकेशचे बाबा म्हणायचे, सून नाही आणली, मिरची आणली.

आठवतं का तुला, पहिल्या वर्षी आगरात आलीस ते? बांधावरून चालता येईना. तुमच्याकडचे बांध शेताचे, त्यावर गवत. आमचा बांध चिखलाचा, एका बाजूला खाडी, एका बाजूला कोंडी. डोक्यावर भाकऱ्यांची पाटी, नवं लुगडं, आणि मधोमध पाय घसरून बसलीस थेट कोंडीत. माणसं धावली. मला वाटलं रडणार. तू बसल्या बसल्या बोट चाटलंस नि म्हणालीस, "आई, मीठ अजून कच्चं हाय." सगळं आगर हसलं. निकेश तर फावड्यावर वाकून हसत होता. त्याचं ते हसू मला अजून दिसतं. त्याचा फोटो भिंतीवर आहे तो मला आवडत नाही, त्यात तो पोलिसाला बघितल्यासारखा उभा आहे.

आता आगर नाही. बांध फुटला तो कोणी घातला नाही. कोंडींत तिवरं उगवली आहेत. माझा धाकटा, मिथुन, डोलवीला कंपनीत कंत्राटात आहे, शिफ्ट करतो, झोपतो, परत शिफ्ट. त्यालाही ईएसआय आहे. आधी तिकडेच विचारलं, तुझ्या पाया पडायची मला हौस नाही. पुतणीचं नाव चालत नाही. आजीच्या नातीचं चालत नाही. आईच लागते.

आता तुझा दुसरा निरोप. "म्होतूर लागलं तेव्हा पंचांसमोर म्हातारी काय बोलली ते तिला विचार." मला विचारायला हौसा कशाला? मला पाठ आहे. विधवेने दुसरं लग्न करावं, आपल्यात ते वाईट मानत नाहीत, मीही मानलं नाही. मोरेश्वर चांगला माणूस आहे हे मला तेव्हाही दिसत होतं. पण पोर ज्या घराण्याची त्या घरात राहते, ही रीत. मी म्हटलं, तू जा, पोर राहील, आणि तुझ्या नव्या घरात तिचं नाव घ्यायचं नाही. गावदेवीसमोर बोलले. धरमतरच्या जेट्टीवरून माझा निकेश पाण्यात गेला होता, त्याचं एवढंच उरलं होतं. बोलले ते बोलले. आज तीच वेळ असती तर आजही बोलले असते.

पण तेव्हा मला सोरायसिस हा शब्द माहीत नव्हता.

काशीबाई

पेण, १९ डिसेंबर

रोहिणी,

या वेळी तू टोमणा मारला नाहीस, नुसतं विचारलंस. हौसा म्हणाली, "गोळ्या चालू होत्या ना, त्या का बंद झाल्या, असं विचारते." खालच्या आवाजात विचारलंस म्हणे. म्हणून सांगते.

गोळी होती ती स्वस्त. स्टँडजवळच्या मेडिकलवाल्या सुशीलने रस्ता दाखवला. म्हणाला, "आजी, हीच गोळी माझ्याकडे कंपनीच्या नावाची महाग आहे, सरकारी जेनेरिकच्या दुकानात जा, तिथे तेच औषध साध्या कागदात मिळेल." स्वतःचं गिऱ्हाईक घालवून सांगणारा माणूस पेणमध्ये अजून आहे. ती गोळी आठवड्याला एकदाच घ्यायची. रोज घेतली तर विष. डॉक्टरने बजावलं, वार ठरवा आणि त्या वाराला घ्या.

आता मला सांग, आमच्या घरात वार कुठे राहिलाय? मिथुनची सुट्टी कधी मंगळवारी, कधी शुक्रवारी. गणपतीच्या हंगामात ऋतुजाला रविवार कुठला. मी म्हटलं, वार कशाला पाहिजे, पाणी आहे की. खाडीला आठवड्याआड उधाण येतं, मधल्या आठवड्याला भांग लागतो, पाणी चढतच नाही, बांधाखालचा चिखल उघडा राहतो. एक गोळी उधाणाला, एक भांगाला. तुझ्या सासऱ्यांनी अख्खं आगर याच हिशेबावर चालवलं. डॉक्टरला सांगितलं तर तो हसला, पण कॅलेंडर बघून म्हणाला, जमतंय. वर्षभर जमलं. कोपरं निवळली. तिने त्या हंगामात किती गणपतींना डोळे दिले ते तिलाच ठाऊक.

मग गणपती गेले आणि परतीच्या पावसात वारा सुटला. दोन दिवस समुद्राकडून वारा. पाणी बांधाला टेकलं, अंगणात आलं. मी ओटीवरून बघितलं नि हाक मारली, "उधाण आलं गो, गोळी घे." ती म्हणाली, "आजी, आताच तर घेतली ना भांगाची?" मी म्हटलं, "मला पाणी शिकवू नको." तिने घेतली. मी सांगितलं म्हणून घेतली.

ते उधाण नव्हतं. वाऱ्याने लोटलेलं पाणी होतं. चंद्राचं पाणी आणि वाऱ्याचं पाणी यातला फरक आगरातलं शेंबडं पोर ओळखतं. वाऱ्याचं पाणी घाईघाईने येतं, त्यावर काटक्या असतात. मला मोतीबिंदू आहे, काटक्या दिसल्या नाहीत.

तिचं तोंड आतून सगळं सोललं. पाणी गिळवेना. हॉस्पिटलात ठेवली. तपासणीत निघालं की लिव्हरही आधीपासून कुरकुरत होतं, ही गोळी पुढे चालायची नव्हतीच. डॉक्टर म्हणाले, "आजी, तुमच्यामुळे नाही." ते चांगले आहेत म्हणून म्हणाले.

त्यानंतर इंजेक्शनाशिवाय वाट नाही. आम्ही बसून राहिलो असं समजू नको. इंजेक्शनवाल्या कंपनीची योजना आहे, विकत घ्या आणि वर फुकट घ्या. मी त्या पोराला फोनवर विचारलं, "साडीचा सेल लावलाय काय रे? आधीचं विकत घ्यायलाच पैसे नाहीत, फुकटाचं घेऊन काय करू?" मुंबईच्या एका ट्रस्टने उत्पन्नाचा दाखला मागितला, तहसीलला खेटे घालून दिला. त्यांनी चांगलं पत्र पाठवलं, एकदाची मदत करू म्हणाले. हे औषध एकदाचं नाही, वर्षानुवर्षांचं. रेशनकार्डावरची योजना काढली, तर या इंजेक्शनाला ती लागत नाही म्हणाले. मी माझ्या बुद्धीने तिला मिठाच्या पाण्यातही बसवून पाहिलं. आगरातल्या बायांच्या पायांना जुनं खारं पाणी लागलं की खाज मरायची, हे खरं. भेगांत गेलं तेव्हा ती ओरडली ती शेजारच्या आळीत ऐकू गेली. जुन्या गोष्टी आठवायला बऱ्या असतात, लावायला नाही.

सुशीलनेच शेवटी विचारलं, "आजी, हिच्या आईबापापैकी कोणी कंपनीत आहे का?" मी म्हटलं बाप नाही. तो म्हणाला, "मी आईबापापैकी म्हटलं."

काशीबाई

पेण, २७ डिसेंबर

रोहिणी,

निरोप मिळाला. "नाव घालते. पण म्हातारीने माझ्या दारात यावं आणि स्वतःच्या तोंडाने सांगावं, ही तुझी मुलगी."

हौसा निरोप देताना खाली बघत होती. मग म्हणाली, "काशीबाय, तिला दुसरं पोर नाय झालं. तुला माहीत हाय ना?" माहीत आहे. म्हणूनच एवढी वर्षं घाबरले, ते कोणाला सांगायचं नव्हतं. कार्डावर नाव म्हणजे नुसतं नाव नाही, ते मला कळतं. दवाखाना रोह्याला. पुढे मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी मिळते ती तिथूनच. सुरुवातीला इंजेक्शन दर आठवड्याला. म्हणजे पोर तुझ्याकडे राहणार. सकाळी तुझ्या हातचा चहा पिणार.

मिथुन म्हणाला, "आये, तू जाऊ नको, मी जातो, मी बोलतो." मी म्हटलं, "तू बोललास तर ते तुझं होईल. तिला माझं पाहिजे."

ऋतुजाला काल सांगितलं. तिला वाटत होतं तू स्वतःहून सोडून गेलीस. मी तसं कधी सांगितलं नाही, पण तिला वाटत होतं ते मोडलंही नाही. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आई पोपटी लावते का अजून?" तिला ते आठवतं याचं मला नवल वाटलं, चार वर्षांची होती. थंडीत तू माहेरहून वालाच्या शेंगा आणायचीस, भांबुर्डीचा पाला, आणि अंगणात मडकं उपडं ठेवून पेटवायचीस. आमच्याकडेही पोपटी लावतात, पण तुझ्यासारखा पाला कोणी दाबत नव्हतं. मडकं उघडलं की सगळी आळी वासावर यायची. निकेश त्यातलं गरम अंडं हातात घेऊन नाचायचा, हात भाजायचा त्याचा. तुझे सासरे एरवी कोणाचं कौतुक करणारे नव्हते, ते शेंगा सोलता सोलता म्हणायचे, रोह्याच्या मातीला अक्कल आहे.

तू गेल्यावर आमच्या अंगणात कोणी मडकं लावलं नाही. मी लावू दिलं नाही.

रविवारी येते. दारात पाणी ठेवू नको, पाय मी घरूनच धुऊन निघेन.

काशीबाई

पेण, ८ जानेवारी

रोहिणी,

मी दारात काय बोलले ते तू ऐकलंस, मोरेश्वरने ऐकलं, शेजारणीने तर खिडकी उघडून ऐकलं. परत लिहीत नाही. तू लगेच आत घेतलं नाहीस, उंबऱ्यात उभं ठेवलंस, ते बरं केलंस. मीही तसंच केलं असतं. चहात साखर जास्त होती.

फोटोच्या दुकानाचं सांगते. कार्डाला घरातल्या सगळ्यांचा एकत्र फोटो लागतो, म्हणून तुम्ही तिघं आत गेलात. तो फोटोवाला मला म्हणाला, "आजी, तुम्ही पण या मधे." मी म्हटलं, "मी त्या कार्डावर नाय." आणि बाहेर येऊन बसले. तुला वाटलं असेल म्हातारी रुसली. मी काचेतून बघत होते. मोतीबिंदू आहे, पण तेवढं दिसतं. मोरेश्वर एका टोकाला, पोर दुसऱ्या टोकाला, तू मधे, आणि तुझ्या नि पोरीच्या मधे एक माणूस बसेल एवढी जागा. फोटोवाला सारखा म्हणत होता, जवळ या, जवळ या. पोरीने हात ओढणीत लपवले होते. मग तू तिचे हात बाहेर काढलेस आणि उघडे तुझ्या मांडीवर ठेवलेस. कातडी सुटलेली, नखं खडबडीत, तशी. फोटोत दिसतील, तुला कळत होतं. तरी ठेवलेस.

मी परतीच्या एसटीत शिव्या देत आले. कोणाला ते मला माहीत नाही.

तिचे कपडे मिथुन आणून देईल. डोक्याला लावायचं तेल निळ्या बाटलीत आहे. आमटीत आंबट घातलं की तिला त्रास होतो असं मला वाटतं, डॉक्टर म्हणतात तसं काही नाही. तू डॉक्टरचं ऐक.

काशीबाई

पेण, २ एप्रिल

रोहिणी,

तू स्वतः लिहिलंस, पहिल्यांदा. अक्षर अजून तसंच आहे, शेंगा सांडल्यासारखं. हौसाने पत्र दिलं नि तिथेच बसून राहिली, "वाच ना गो मोठ्याने." मी म्हटलं, "तू मासळी वीक."

मंजुरीला वेळ लागला, दोनदा परत पाठवलं, कंपनीचा शिक्का राहिला म्हणून तू अर्धा दिवस बुडवून उभी राहिलीस. हे तू एका ओळीत लिहिलंस. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. इंजेक्शन सुरू झालं, पहिल्या काहींत फरक नाही, मग एका सकाळी चहाचा कप तिने दोन्ही हातांनी न धरता एका हाताने उचलला. कोपरं गुलाबी झाली आहेत, कोंडा पडत नाही. मूठ मिटते. हे सगळं वाचलं आणि अंगणात जाऊन उगीच कोंबड्या हाकलल्या.

शेवटी विचारलं आहेस, आता इंजेक्शन महिन्याला एकच, तर ऋतुजाला पेणला कधी पाठवू?

पाठवू नको.

रागाने लिहीत नाही. हमरापूरचा शेठ येऊन गेला, म्हणाला हंगामाला पोरगी पाहिजे. मी त्याला तुझा पत्ता दिला. मूर्ती रोह्यालाही होतात, नाहीतर ती हंगामाला इकडे येईल, तेव्हा भेटेल. तिला ठरवू दे, तिची बोटं आहेत. पण दवाखाना जवळ पाहिजे, आणि वेळ चुकता कामा नये. वेळेचं माझ्याकडून एकदा झालं ते पुरे. शिवाय तिने तुला इतकी वर्षं बघितलं नाही, आणि तू तिला. माझं बघून झालं आहे.

एकच सांगायचं राहिलं, दारात तेव्हा सांगायला हवं होतं. ती झोपेत खाजवायची, रक्त येईपर्यंत. उठवलं तर चिडायची. म्हणून मी शेजारी अंथरूण घालून तिचे दोन्ही हात माझ्या हातात धरून झोपायचे. लहानपणापासून. ती जागी झाली की सोडवून घ्यायची, जसं काही झालंच नाही.

आता खाज गेली म्हणतेस. तरी धरत जा. लगेच सोडू नको.

सवय तिला आहे गो, मला नाय.

काशीबाई